गॅरार्ड २१० चेंजरचे सुटे भाग कुठं मिळतील? (घरचा स्टिरिओ रेडिओग्राम, मिरज)

मिरजेची_माई

नमस्कार मंडळी,

आमच्याकडं सासऱ्यांनी हौसेनं करवून घेतलेला स्टिरिओ रेडिओग्राम आहे. पावणेपाच फूट लांब, सागवानी, दोन्ही टोकांना जाळीच्या कापडामागं स्पीकर, मधे एका झाकणाखाली रेडिओ आणि दुसऱ्याखाली रेकॉर्ड चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारं यंत्र. यावर कंपनीची पट्टी नाही, कारण कंपनीच नाही. कॅबिनेट इथल्या सुतारानं केलं, आतला माल मुंबईहून आला आणि जोडणी सासऱ्यांच्या एका दोस्तानं केली. त्यामुळं कुणी “मेक-मॉडेल सांगा” म्हणालं की माझी बोलती बंद.

चेंजरवर मात्र गॅरार्ड, मेड इन इंग्लंड आणि २१० एवढं स्पष्ट वाचता येतं. मागच्या फळीतून व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) दिसतात: एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक ईझेड८१. पिकअपवरची, म्हणजे आर्मच्या टोकाला पिन धरणाऱ्या भागावरची, अक्षरं पुसट झालीत, भिंगातून ‘सोनोटोन’ एवढं लागलं.

तक्रारी अशा. थाळी सुरू व्हायला कुरकुरते, कधी बोटानं ढकलावी लागते. सूर उतरलेला येतो. मी शाळेत गाणं शिकवत असे, त्यामुळं पेटी हाताशीच असते. एलपी लावून पेटीवर सूर धरला तर जवळजवळ एक अख्खी पट्टी खाली. उजव्या बाजूचा स्पीकर मुका आहे. आणि रेकॉर्ड संपली तरी आर्म परत जात नाही, शेवटच्या चरीत खर्रखर्र करत बसतो.

सांगलीतल्या एका मेकॅनिकनं झाकण उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि “पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या” म्हणाला. चहा मात्र पिऊन गेला. घरात हिराबाईंच्या ७८ च्या रेकॉर्डी आहेत, भीमसेनजींच्या एलपी आहेत, त्या मला यावरच ऐकायच्यात. पार्ट कुठं शोधू?

ठाणे_लोकल

माई, खरं सांगू का, आतलं सगळं काढा, एक ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर बसवा. कॅबिनेट तसंच राहील, आवाजही चांगला येईल. दोन दिवसांचं काम.

मिरजेची_माई

बाळा, ब्लूटूथचा डबा नातवाकडं आहे, तो खिशात मावतो. त्याला पावणेपाच फूट सागवान कशाला?

व्हॉल्व्हवाले_पुणे

माई, तुम्ही माहिती फार नेटकी दिलीत. इथं बहुतेक जण “जुना रेडिओग्राम, चालू करायचाय” एवढंच लिहितात आणि बरोबर फुलदाणीचा फोटो टाकतात.

कंपनी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. रेडिओग्रामचे भाग कॅबिनेटच्या नावावर शोधायचेच नसतात. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा चेंजर बहुधा बाहेरून घेत: इंग्लंडात स्विंडनचे गॅरार्ड किंवा बीएसआर, जर्मनीत डुअल नाहीतर पर्पेट्यूम-एब्नर. तुमच्या हातात चेंजरचा नंबर आहे, पिकअपचं नाव आहे, व्हॉल्व्हचे नंबर आहेत. ज्याच्याकडं चकचकीत पट्टी आहे पण हे तीन माहीत नाहीत, तो खरा अडलेला.

आता पार्ट विकत घ्यायच्या आधी काय काय बिघडलंय ते बघू. माझ्या मते तुमच्या चारपैकी दोन तक्रारींना पार्ट लागणारच नाही.

सूर उतरणं. थाळी उचला. गॅरार्डात मधल्या दांड्याजवळ एक लहान क्लिप असते, ती उडून कपाटाखाली जाते, तेव्हा वर फडकं धरा. खाली मोटरची पायऱ्यापायऱ्यांची पितळी पुली दिसेल आणि तिच्या शेजारी रबराची कड असलेलं चाक. त्याला आम्ही आयडलर म्हणतो. पुली त्या चाकाला फिरवते आणि चाक थाळीच्या आतल्या कडेला. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन गुळगुळीत होतं आणि घसरतं.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण विकणारे याच्यावरून फसवतात. आयडलरचा व्यास थोडा कमीजास्त झाला तरी वेग बदलत नाही. वेग ठरतो पुलीच्या पायरीवर आणि थाळीच्या आतल्या कडेवर. मधलं चाक फक्त निरोप्या. त्यामुळं “ओरिजिनल मापाचंच पाहिजे” म्हणून कुणी अव्वाच्या सव्वा मागेल तर देऊ नका. चाक नीट गोल हवं, रबर मऊ हवं आणि मधला बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) ढिला नको, बस.

पहिल्यांदा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं चाकाची कड, पुली आणि थाळीची आतली कड पुसा. बारीक पॉलिशपेपर कडेवर हलका फिरवा, चकाकी गेली की थांबा. तेवढ्यानं जमलं तर ठीक, नाहीतर चाकावर नवं रबर चढवून घ्यायचं. छापखान्याच्या रोलरला रबर चढवणारे कारागीर हे करतात. कुपवाड एमआयडीसी तुम्हाला जवळ आहे, तिथं चौकशी करा. चढवल्यावर कड घासून अगदी गोल करून द्या म्हणावं, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला धप्प धप्प ऐकू येईल.

मोटरही जड झालेली असणार. चाक बाजूला सारून मोटर एकटी चालवा. बंद केल्यावर ती सावकाश, बराच वेळ घरंगळत थांबली पाहिजे. चटकन थांबली तर वरच्या आणि खालच्या बुशातलं जुनं तेल घट्ट झालंय. साफ करून शिलाई मशीनचं तेल, थेंबभरच. एकही थेंब रबराला लागता कामा नये.

आर्म परत न जाणं. हे जवळपास नक्की गोठलेलं ग्रीस. शेवटच्या चरीत आर्म भरकन आत सरकतो, तेव्हा एक पत्र्याची लहानशी जीभ पुढं ढकलली जाते आणि थाळीच्या मध्याजवळच्या दात्यात अडकून चेंजरचं चक्र सुरू करते. ही जीभ इतकी हलकी हलायला हवी की फुंकरीनं सरकावी. तिथलं ग्रीस पूर्ण काढा आणि पुन्हा काहीही लावू नका, तेलसुद्धा नाही. मोठ्या दातेरी चाकाला आणि सरकत्या पट्ट्यांना मात्र नवं ग्रीस लावा.

मुका स्पीकर. पिकअपच्या मागं बारीक तारा आहेत, त्यातल्या डाव्या-उजव्या चॅनेलच्या तारांची अदलाबदल करा. मुकेपणा डाव्या स्पीकरकडं गेला तर दोष पिकअपमधे. उजवीकडंच राहिला तर दोष पुढं अ‍ॅम्प्लिफायरमधे. आधी त्या टोकांवरचा हिरवा थर खरवडा, कधीकधी तेवढंच असतं. सोनोटोन सिरॅमिक असेल तर नशीब चांगलं. जुन्या क्रिस्टल पिकअपमधे रोशेल सॉल्ट असतं, ते आपल्या पावसाळ्यात दमट होऊन मरतं. सिरॅमिक टिकतं.

आणि कुणी “मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवा, आवाज सुधारेल” म्हणेल (कार्ट्रिज म्हणजे पिकअपच), त्याचं ऐकू नका. मॅग्नेटिकचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा, सिरॅमिकचा कितीतरी पट मोठा. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो ऐकूच जाणार नाही, वेगळा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल आधी मोठा करणारी जोडणी) घालावा लागेल. शिवाय चेंजरचा आर्म ४-५ ग्रॅमचा भार देतो, त्या भाराखाली नाजूक पिन दबून जाते.

शेवटचं: अ‍ॅम्प्लिफायर रोज वापरणार असाल तर जुने कागदी कंडेन्सर बदलून घ्या, विशेषतः ईएल८४ च्या ग्रिडला जाणारे. ते गळायला लागले की व्हॉल्व्ह लाल होतो आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तो एकच भाग जो खरंच सहज मिळत नाही. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमधे लावा. हे काम जाणकाराकडूनच, आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. व्हॉल्व्हची काळजी नको. ईएल८४ आणि ईसीसी८३ आजही स्लोव्हाकियात नवे बनतात, गिटारवाल्यांची कृपा. बंगळुरूच्या बीईएलचे जुने ईएल८४ सुद्धा फिरत असतात, मला तेच जास्त आवडतात.

चोरबाजारी

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त बाजाराचं बोलतो. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला जायचं तर शुक्रवार टाळा, दुकानं बंद असतात. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. “गॅरार्डचा आयडलर आहे का” असं विचारू नका, भाव तिथंच चढतो. मेलेला अख्खा गॅरार्ड डेक मागा, मोटर जळालेला चालेल म्हणा. त्यातून क्लिपा, स्प्रिंगा, दांडा, आर्मचा पुढचा भाग असे धातूचे भाग मिळतात. त्याचं रबर मात्र घेऊ नका, तेही तुमच्याइतकंच म्हातारं. म्हणजे तुमच्या रबराइतकं, माई, गैरसमज नको.

“चालू आहे” म्हणून विकत असतील तर रेकॉर्ड घेऊन जा आणि लावून दाखवायला सांगा. थाळी नुसती फिरणं म्हणजे चालू नव्हे.

एडिसनची_अनघा

माई, मी न्यू जर्सीत. आमच्या तळघरात मॅग्नाव्हॉक्सचा कन्सोल (इथला रेडिओग्रामच) आहे, नाव अमेरिकन, आत चेंजर इंग्लंडच्या कोलारोचा. काका म्हणतात ते इथंही खरंच आहे.

एक इशारा द्यायला लिहितेय. इंटरनेटवर गॅरार्डचे बरेच भाग अमेरिकेतून विकले जातात. पिन मागवली तर काही अडचण नाही, हलकी असते, पाकिटातून येते. पण मोटरची पुली इथून घेऊ नका! इथली वीज ६० हर्ट्झ, भारतातली ५०. इथली पुली तिथं लावली तर वेग एक षष्ठांश कमी होतो, म्हणजे पेटीवर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच. तुमचा सूर एकच पट्टी उतरलाय, त्यावरून तुमची पुली ५० हर्ट्झचीच दिसते. तिला हात लावू नका.

वेग तपासायला ५० हर्ट्झची स्ट्रोबची चकती छापून घ्या. ३३ च्या (एलपीच्या वेगाच्या) वर्तुळात १८० रेघा असतात, वेग बरोबर असला की त्या जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडी दिव्याखाली बऱ्याचदा काही दिसत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावरचा जुना लाल निऑन इंडिकेटर जवळ धरला तर दिसतं.

मिरजेची_माई

सर्वांना मनापासून धन्यवाद, आणि म्हाताऱ्या रबराबद्दल चोरबाजारी यांना क्षमा.

भाच्याला हाताशी घेऊन थाळी काढली. क्लिप उडाली, फडक्यात सापडली. आतलं ग्रीस मेणासारखं झालं होतं. ती जीभ मोकळी केल्यावर आर्म परत जायला लागला, अगदी तोऱ्यात. मोटरलाही तेल दिलं. आयडलर पुसल्यावर सूर अर्ध्या पट्टीवर आला, पण स्ट्रोबच्या चकतीवरच्या रेघा अजून मागं सरकतात आणि रबर नखानंही दबत नाही. ते चाक कुपवाडला रबर चढवायला दिलंय. तिथला माणूस म्हणाला एवढं छोटं काम करत नाही; मग हे कशाचं आहे ते सांगितल्यावर ठेवून घेतलं.

तारा बदलल्यावर मुकेपणा डावीकडं गेला, म्हणजे पिकअपच. टोकं खरवडूनही फरक नाही. त्याच जातीचं सिरॅमिक पिकअप शोधतेय. एकाकडं नुसतं एलपीच्या पिनेचं आहे, ७८ ची बाजू नाही. घ्यावं का? एलपीच्या पिनेवर ७८ च्या रेकॉर्डी चालतील?

व्हॉल्व्हवाले_पुणे

नको. एलपीची पिन पाऊण हजारांश इंचाच्या आसपास, ७८ ची तीन. बारीक पिन रुंद चरीच्या तळाला बसते, तिथं नुसता धुरळा आणि खरखर; पिनही लवकर झिजते. उलट केलं, म्हणजे ७८ च्या पिनेवर एलपी लावली, तर एलपी संपली. दोन बाजूंची, कळ फिरवून उलटी होणारी पिन असलेलंच पिकअप घ्या, थोडं थांबावं लागलं तरी.

आणि हिराबाईंच्या ७८ वरून वेग जुळवू नका. जुन्या रेकॉर्डी सगळ्या बरोबर ७८ वर कापलेल्या नसत, कंपनीगणिक फरक असे. आधी स्ट्रोबवर ३३ ठरवा, मग पेटी काढा.