सुट्टीतील वाचनासाठी आणखी दोन कादंबऱ्या
सुट्टीत वाचण्यासाठी कादंबऱ्या सुचवणारी एक यादी आधी दिली गेली आहे; तीतल्या कादंबऱ्या बहुतांशी रहस्यप्रधान आहेत. त्यांत पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’ची (२०२४) आग्रहाने भर घालावीशी वाटते. मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिनच्या गोष्टीतला गुलाम जिम येथे स्वतः निवेदक होतो, आणि गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाण्यासारखे कसे बोलावे याचे धडे तो लहान मुलांना देतो, तो सुरुवातीचा प्रसंग इतका अंगावर येतो की पुस्तक खाली ठेववत नाही. तिला २०२५चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेही सर्वस्वी योग्यच. मूळ कादंबरी वाचलेली नसली तरी काही अडत नाही. छोटे पुस्तक हवे असल्यास समांथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ घ्यावी : अंतराळस्थानकातील ६ जणांचा एकच दिवस, ज्यात पृथ्वीभोवती १६ प्रदक्षिणा होतात. कथानक नाममात्र असल्याने ती सावकाशच वाचावी.