'हल'ला मराठीत काय म्हणावं?

नौकांवरचा एक लेख मराठीत करतोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय: हल (इंग्रजी hull). शब्दकोशात 'सांगाडा' मिळाला. पण लेखात सपाट, गोल, व्ही आकाराचे, जोड असे हलचे प्रकार आहेत. 'सपाट सांगाडा' वाचून होडी काही डोळ्यांसमोर येत नाही. 'हल' तसाच ठेवू?

प्रतिसाद: तसाच ठेवलात तर वाचकाला हलधर बलराम आठवेल. संस्कृतात हल म्हणजे शेतीचा नांगर, आणि होडीत नांगर आधीच आहे, तो वेगळाच! सांगाडाही नको. त्या आतल्या फासळ्या झाल्या. हल म्हणजे फासळ्यांवर चढवलेल्या फळ्यांसकट पाण्यात बसणारं सगळं अंग. आकाराबद्दल बोलताना मी सरळ 'बूड' म्हणतो.

प्रतिसाद: 'बूड' म्हटलं की होडी बुडणार असं वाटतं, पण बिनबुडाची असण्यापेक्षा बरं. शिवाय होडीचा स्वभाव बुडातच ठरतो. सपाट बूड उथळ पाण्यात चालतं, आत उभं राहिलात तरी पटकन कलत नाही. लाटांवर मात्र धपाधप आपटतं. गोल बूड मऊ चालतं पण डुलतं, म्हणून तळाला नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, लागतं.

वेगाचं गणित वेगळं. पाणी बाजूला सारत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा. २५ फुटांना ६.७ नॉट, म्हणजे तासाला ६.७ सागरी मैल. त्यापुढे नुसतं इंधन जळतं. आणखी पळायचं तर बूड पाण्यावर उचललं जायला हवं. भाकऱ्या खेळताना आपण चपटा दगड निवडतो ना, तसं. पण खवळलेल्या समुद्रात चपटं बूड हाडं खिळखिळी करतं. तिथे अमेरिकी होडी-रचनाकार रे हंट यांचं खोल व्ही बूड कामी आलं. त्यांनी आखलेल्या 'मॉपी'ने १९६०ची मायामी-नासाऊ मोटारबोटींची शर्यत जिंकली. (अशा पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या होडीला 'तरंगघसरी' वगैरे नाव काढू नका. 'पाण्यावर घसरत जाणारी' पुरे.)

आणि जोड हल? 'जोडबूड' कसंसंच वाटतं.

प्रतिसाद: जोडहोडी म्हणा. तिचं इंग्रजी नाव कॅटमरान तमिळ 'कट्टुमरम'वरून आलंय: कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मुळात तो ओंडके बांधलेला तराफा, दोन हलांचा संबंधच नव्हता! पुढे त्यावरून तीन हलांच्या होडीसाठी 'ट्रायमरान' झाला, जणू 'मरान' म्हणजेच हल. जोडहोडी पसरट असल्याने फारशी कलत नाही, आणि दोन्ही अंगं सडपातळ असल्याने लाटेत तेवढी अडकत नाही, वरचं १.३४चं गणित तिला लावू नका. उलटली मात्र, तर उलटीच तरंगत राहते. बाजूला आडव्या काठ्यांनी ओंडका बांधलेली ती उलांडीची होडी. तिला जोडहोडी म्हणू नका.

बूड आणि जोडहोडी, दोन्ही घेतले. एक राहिलं: 'हल रंगवला' याचं काय करू? रंग बाजूंनाही लावलाय.

प्रतिसाद: 'होडी रंगवली' लिहा. शीड कोण रंगवतंय!