नववी-दहावीची सामाजिक शास्त्रे: प्रशिक्षण कोणते घ्यावे आणि वर्गात नेमके काय न्यावे?

प्रश्न — तासिका_सहावी

नमस्कार. मी ग्रामीण भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. माझी पदवी इतिहासाची आहे. भूगोल वेळापत्रकाच्या अडचणीतून माझ्याकडे आला आणि तो आता माझ्याकडेच राहील असे दिसते.

प्रशिक्षणांची कमतरता आहे अशी माझी तक्रार नाही. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरील निष्ठा २.० या शिक्षक-प्रशिक्षणाचे घटक पूर्ण केले आहेत, वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण झाले आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केल्यापासून प्रमाणपत्रांची फाइल जाड होत चालली आहे. परंतु या सगळ्यात अध्ययन निष्पत्ती, समावेशक शिक्षण, मूल्यमापन असे सर्व विषयांना सारखेच लागू पडणारे भाग जास्त आणि आमच्या विषयाचे असे थोडे असते. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ घ्या. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि फुको ही पाश्चात्त्य विचारवंतांची नावे काही पानांत एकामागून एक येतात, आणि मुले ती पाढ्यांसारखी पाठ करतात. हा पाठ मुलांना समजेल असा कसा शिकवावा, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळालेले नाही.

विषयाचे खरे प्रशिक्षण कुठे मिळते, आणि मराठी माध्यमाच्या वर्गात, प्रोजेक्टर असला तरी विजेची खात्री नसताना, कोणते साहित्य प्रत्यक्ष उपयोगी पडते, याविषयी अनुभवी शिक्षकांनी लिहावे ही विनंती.

उत्तर — जुना_खडू

तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. सेवेसाठी लागणारे प्रशिक्षण वेगळे आणि विषयासाठी लागणारे वेगळे. पहिले नियमाप्रमाणे, न कुरकुरता पूर्ण करावे, कारण बारा आणि चोवीस वर्षांच्या वेतनश्रेण्या त्यावर अवलंबून असतात; त्यातून विषयाचे ज्ञान मिळेल अशी अपेक्षा ठेवली की मनस्ताप होतो. दुसऱ्यासाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची निवासी प्रशिक्षणे जरूर पाहावीत. १९७९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था सेवेतील शिक्षकांना कला, वारसा आणि हस्तकला यांचा वर्गातील वापर शिकवते. दहावीतील ‘भारतीय कलांचा इतिहास’ आणि ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ या पाठांना ते थेट लागू पडते. नामनिर्देशन शिक्षण विभागामार्फत होते, त्यामुळे मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवावे लागते. पुण्याजवळ असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळाचाही विचार करा. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेत मूळ कागद कसा वाचतात हे पाहणे, हेच इतिहासाच्या शिक्षकाचे मोठे शिक्षण आहे.

आता त्या पहिल्या पाठाविषयी. माझ्या मते तो नावांपासून सुरू करूच नये. रांकेचा आग्रह मूळ साधनांवर होता. मग मुलांसमोर एक मूळ साधन ठेवावे आणि रांकेचे नाव तासाच्या शेवटी घ्यावे. आपल्याकडे असंख्य गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे असतात. मी मुलांना तिथे नेतो आणि दगड खालून वर वाचायला सांगतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो, काही ठिकाणी गाईंचा कळपही दिसतो. त्याच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चौकटींचा क्रम आणि तपशील दगडागणिक बदलतात, म्हणून मुलांना आधी जे दिसते तेवढेच लिहायला लावावे. त्यानंतर दोनच प्रश्न विचारावेत: हा दगड काय सांगतो, आणि काय सांगत नाही? बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे वीराचे नाव आणि साल हाती लागत नाही. तरी गावात मात्र त्याच्याविषयी एखादी गोष्ट ठामपणे सांगितली जाते. दगडाचा पुरावा आणि गावाची आठवण या दोहोंत अंतर पडते तेव्हा मुले आपसांत वाद घालू लागतात, आणि साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. गावातील गोष्ट खोटी ठरवण्याच्या मागे लागू नये, हे मात्र शिक्षकाने सांभाळायचे. ती गोष्ट हेही मौखिक साधनच आहे, आणि ती कोण सांगते व केव्हापासून सांगितली जाते हा स्वतंत्र प्रश्न आहे.

एक सूचना कळकळीने करतो. कोरीव काम उठून दिसावे म्हणून दगडावर खडू घासू देऊ नये, तेल तर मुळीच नको. सकाळच्या तिरप्या उन्हात जावे, किंवा मोबाइलच्या विजेरीचा झोत बाजूने टाकावा. झिजलेली आकृतीही उमटून दिसते.

वर्गात बसून करण्यासाठी जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, उत्तम आहे. मुंबई इलाख्याची जुनी, कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील गॅझेटिअरे राज्याच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर दिली आहेत. आपल्या तालुक्यावरचा एकच परिच्छेद निवडून त्याचे सोपे मराठी करावे, तो अर्ध्या पानात बसवावा आणि त्याच्या झेरॉक्स काढाव्यात. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाला विचारून लिहिले, एवढे विचारले की वसाहतवादी इतिहासलेखनाचा मुद्दा पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो. अर्ध्या पानाची मर्यादा मात्र पाळावी, कारण दोन पानांचा उतारा दिला की वाचणारी मुले पाचच उरतात. संदर्भासाठी मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. शिक्षकाने आपल्या तयारीसाठी आधी तिथे पाहावे आणि मग इतरत्र.

उत्तर — समोच्च_रेषा

भूगोल अडचणीतून गळ्यात पडला असला तरी घाबरू नका. इतिहास शिकलेल्या माणसाला पुरावा वाचता येतो आणि नकाशा हाही पुरावाच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे आपल्या परिसराचा तपशीलवार नकाशा, पीडीएफ स्वरूपात मिळते. तिच्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आपल्या गावाचे पत्रक उतरवून घ्या, तालुक्याला फ्लेक्स छापणाऱ्याकडून मोठ्या आकारात छापून घ्या आणि वर्गाच्या भिंतीवर कायमचे लावून ठेवा. याला वीजही लागत नाही आणि इंटरनेटही.

मुले सर्वांत आधी आपले घर शोधतात, ते शोधू द्यावे. मग ओढे पाहायला सांगा. टोपोशीटवर कोरडे प्रवाह काळ्या रंगात आणि पाणी निळ्या रंगात दाखवलेले असते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा आपला ओढा काळा का, असे एखादा मुलगा हमखास विचारतो, आणि हंगामी व बारमाही प्रवाहांचा भेद त्या एका प्रश्नात शिकवून होतो. पत्रकावर पाहणीचे वर्ष छापलेले असते, तेही पाहावे. त्यानंतर झालेला रस्ता, पाझर तलाव किंवा वाढलेली वस्ती मुलांनी पेन्सिलीने भरावी. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांमधील उंचीचे अंतर या प्रमाणाच्या पत्रकांवर साधारणपणे २० मीटर असते, त्यावरून शाळेपासून डोंगरापर्यंतचा छेद काढता येतो. दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठच क्षेत्रभेटीचा आहे, तेव्हा या पत्रकाची प्रत हातात घेऊन केलेली शिवारफेरी ही अभ्यासक्रमाबाहेरची हौस ठरत नाही. नववीतील वितरणाच्या नकाशांसाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका वापरावी. तिच्यात गावनिहाय लोकसंख्या मिळते, म्हणजे ठरावीक लोकसंख्येसाठी एक टिंब देऊन काढायचा टिंब पद्धतीचा नकाशा आपल्याच तालुक्याचा काढता येतो.

दहावीच्या भूगोलात येणाऱ्या ब्राझीलविषयी जाता जाता एक. त्या देशाची २०२२ ची जनगणना झाली असून लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी भरली आहे. ही संख्या चर्चेला घ्या, पण परीक्षेच्या उत्तरात पुस्तकातीलच आकडे लिहायला सांगा, नाहीतर पालकांची विचारणा ठरलेली.

उत्तर — घंटा_झाली

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, तरी थोडा विरोध नोंदवतो. मंडळाच्या परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्राला ४० आणि भूगोलाला ४० गुण आहेत, आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रत्येक पाठाला वीरगळ आणि टोपोशीट आणायची ठरवली तर दिवाळीपर्यंत तीन पाठ होतील. माझा सल्ला असा की एका सत्रात प्रत्येक विषयाचा एकच पाठ असा शिकवावा आणि बाकीचे नेहमीच्या पद्धतीने घ्यावेत. दुसरे म्हणजे, जे काही कराल ते कृतिपत्रिकेशी, म्हणजे मंडळाच्या प्रश्नपत्रिकेशी, जोडा. गॅझेटिअरचा तो अर्ध्या पानाचा उतारा देताना त्याखालचे प्रश्न उताऱ्यावरील प्रश्नांच्या साच्यातच विचारा, आणि क्षेत्रभेटीचा अहवाल अंतर्गत गुणांसाठी धरा. मग मुख्याध्यापकही अडवत नाहीत.

उत्तर — चावडी_वाचन

राज्यशास्त्राविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून हे. ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. मुलांनी आराखड्यातील एक काम निवडावे, मंजूर रक्कम लिहावी आणि ते काम गावात कुठे आहे हे पाहून यावे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. आपल्या गावात ती किती होते हे गणित त्यांना करायला द्यावे. ‘भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने’ हा पाठ त्यानंतर घेतला तर मुलांकडे बोलायला काहीतरी असते. निवडणूक प्रक्रियेसाठी शाळेतील मतदार साक्षरता मंडळ कागदावर न ठेवता त्यातून अभिरूप मतदान घ्यावे, मात्र उमेदवार काल्पनिक आणि प्रश्न शाळेचे असावेत. मतदान केंद्रनिहाय निकालांचे तक्ते निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर असतात आणि ते रंजकही असतात, पण छोट्या गावात ते वर्गात नेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले, याची चर्चा दुसऱ्या दिवशी पारावर पोहोचते आणि शिक्षकाची बदनामी होते.

तासिका_सहावी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘एका सत्रात एक पाठ’ ही सूचना मला पटली, कारण माझ्या वाट्याला तीन विषय आहेत. पहिल्या सत्रात इतिहासासाठी वीरगळ आणि भूगोलासाठी टोपोशीट घेते. राज्यशास्त्र दुसऱ्या सत्रात. एकच शंका उरते. वीरगळ शाळेपासून दीड किलोमीटरवर आहे आणि वर्गात ५८ मुले आहेत. एवढ्यांना घेऊन एका तासिकेत जाऊन येणे शक्य नाही.

जुना_खडू

५८ जणांना एका दगडाभोवती उभे करूच नका. मागच्यांना काही दिसत नाही आणि पुढचे ढकलाढकली करतात. शनिवारी सकाळची शाळा असेल तर शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना सोबत घेऊन दोन गट करा. एक गट वीरगळापाशी असताना दुसऱ्याने देवळाच्या आवारातील वृद्धांशी बोलून गावातील गोष्ट लिहून घ्यावी, नंतर गट बदलावेत. पालकांची संमतिपत्रे आदल्या आठवड्यात घ्या, आणि पुजारी किंवा विश्वस्तांना एकदा भेटून या. दगडाची लांबी-रुंदी मोजायला शिवणकामाची टेप पुरते. प्रत्येक चौकटीचा सरळ समोरून एक फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस लांबला तरी तोच पाठ वर्गात घेता येईल.