काळ्या रानात खड्डा घेऊन भागत नाही
दादा, तुम्ही विचारलंय की मातीत दबलेल्या परागकणांवरून तेव्हाची झाडी आणि त्यावरून जुना पाऊसकाळ कळतो तर मग परभणीच्या आपल्या काळ्या रानातच खड्डा घेऊन का बघत नाहीत. अहो तिथंच तर गोची आहे, परागकणाचं टरफल लई चिवट, लॅबमध्ये माती ॲसिडात विरघळवतात तरी ते टिकतं, पण हवा लागत राहिली की खराब होतं, आणि आपली काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगून सगळं वरखाली होतं, मग कोणता थर कधीचा कसं सांगणार? तळ्याचा गाळच पाहिजे, पाण्याखाली दबलेला. मंठ्यापलीकडचं लोणार त्याला एक नंबर. तिथल्या सुमारे 10 मीटर गाळात परागकणांसोबत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे मिळालेत, पाणी आटून फार खारट झालं की ते बनतात, त्यावरून साधारण 4600 ते 3900 वर्षांपूर्वी लांबलचक कोरडा काळ होता असं दिसतं (दुष्काळ काय आपल्याला नवा नाय!). बाकी वर कुणीतरी म्हणलंय की परागकणावरून ज्वारी सरळ ओळखता येते, ते मला पटत नाही. गवतवर्गाचे कण सगळे गोलसर, एका छिद्राचे, साध्या मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात, फारतर आकारमानावरून अंदाज बांधायचा, तो पण जपूनच.