शब्दचर्चा : निन्टेन्डोने ई-थ्रीला नक्की काय केलं?

खेळगडी
मंडळी, एका क्रियापदावर तीन दिवस अडलोय. मी आणि माझा मित्र व्हिडिओ गेमच्या इतिहासावर मराठीतून छोटे व्हिडिओ करतो. या वेळचा विषय ई-थ्री, म्हणजे बहुतेक वर्षी लॉस एंजेलिसला भरणारं गेमवाल्यांचं प्रदर्शन. १९९५ला सुरू झालं, डिसेंबर २०२३मध्ये ते कायमचं बंद केल्याचं जाहीर झालं. संहितेतलं वाक्य असं:

'२०१३ साली निन्टेन्डोने ई-थ्री...'

पुढे काय? मी लिहिलं 'कडे पाठ फिरवली'. मित्राने खोडून 'ला दांडी मारली' केलं. आमच्या एका नियमित प्रेक्षकाला कच्चा मजकूर दाखवला तर तो म्हणाला, सरळ 'बहिष्कार टाकला' म्हणा.

घडलं ते असं. तोवर निन्टेन्डो ही जपानी गेम कंपनी ई-थ्रीच्या वेळी मोठ्या सभागृहात पत्रकार, गुंतवणूकदार, दुकानदार, सगळ्यांना एकत्र बसवून मंचावरून नवे गेम दाखवायची. एप्रिल २०१३मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सांगितलं, यंदा तसा कार्यक्रम नाही. अमेरिकेतल्या वितरकांसाठी एक बंद दाराआडची बैठक, पत्रकारांना गेम हाताळायला मिळावेत म्हणून दुसरी. आणि तुमच्याआमच्यासाठी ११ जूनला 'निन्टेन्डो डायरेक्ट', म्हणजे आधीच चित्रित केलेला कार्यक्रम, इंटरनेटवर. प्रदर्शनातला स्टॉल मात्र नेहमीसारखा होता.

क्रियापद सुचवा. मित्राशी बोलणं बंद व्हायची वेळ आलीय.

बटनदाब्या
दांडीच. शंका कसली? २००४चं ई-थ्री आठवा. निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेचा रेजी फिस-एमे मंचावर येऊन पहिल्या दोन वाक्यांत सभागृह खिशात घालतो, शेवटी झेल्डा या गेमची झलक संपते आणि झेल्डाचे जनक मियामोतो स्वतः तलवार-ढाल घेऊन येतात. लोक अक्षरशः रडले होते. ते सगळं सोडून इवाता पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहून कॅमेऱ्याकडे बघून बोलणार, आणि आम्ही म्हणायचं 'वा'? वर्गाला दांडी मारून घरून गृहपाठ पाठवला म्हणून हजेरी लागत नाही.

पाटीपेन्सिल
खेळगडी, गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, भाचा खेळतो तेवढंच. पण तुमची तिन्ही क्रियापदं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत.

'दांडी मारणे'साठी आधी हजेरीपटावर नाव लागतं. शाळेला, नोकरीला, क्लासला दांडी. लग्नाला न गेलेल्याला आपण दांडी मारली म्हणतो ते थट्टेने, आणि त्यातही 'यायला हवं होतं' हा ठपका असतोच. म्हणजे तुमच्या मित्राने निन्टेन्डोला विद्यार्थी केलं आणि ई-थ्रीला शाळा. कंपनी प्रदर्शनाला जाणं लागते का? प्रश्न एवढाच आहे.

'पाठ फिरवणे'त हजेरीची सक्ती नाही, पण मन उडालेलं आहे. मतदारांनी मतदानाकडे पाठ फिरवली, पावसाने पाठ फिरवली. पाठ फिरवणारा तिथे उरत नाही. तुम्हीच सांगताय स्टॉल होता. मग पाठ कुठली?

'बहिष्कार' तर अगदीच जड. बहिष् म्हणजे बाहेर, बाहेर काढणं. मुळात जातीने, गावाने एखाद्याला बाहेर टाकणं, पाणी-विस्तव बंद करणं. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला तो आला तेव्हा दिशा बदलली, लोकांनी मालाला बाहेर टाकलं. पण जुना अर्थ मेलेला नाही, महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मजा म्हणजे इंग्रजीतला 'बॉयकॉट'सुद्धा आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉटच्या नावावरून आला, आणि १८८०मध्ये त्याने कुणाला टाकलं नव्हतं, गावाने त्याला टाकलं होतं. दोन्हीकडे ज्याला टाकलं त्याची कोंडी करायचा हेतू आहे. तुमच्या कंपनीला ई-थ्रीची कोंडी करायची होती का?

खेळगडी
ताई, नव्हती. स्टॉलवर आठ-नऊ गेम खेळायला ठेवलेत आणि म्हणे बहिष्कार. तो शब्द बाद.

टोपीवाला
'हात आखडता घेतला' कसं वाटतं? त्यांचा वी-यू, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, तेव्हा खपत नव्हता, दाखवायला फारसं काही नव्हतं, म्हणून मंच टाळला. नाचता येईना अंगण वाकडे. आम्ही तेव्हा हेच म्हणायचो.

खेळगडी
टोपीवाले, वी-यू खपत नव्हता हे खरं. पण त्या डायरेक्टमध्ये मारिओ कार्ट ८, थ्रीडी वर्ल्ड, नवा स्मॅश ब्रदर्स, डाँकी काँग, बायोनेटा २ होते. हे 'फारसं काही नाही' असेल तर मग भरपूर कशाला म्हणायचं? वर अमेरिका-कॅनडातल्या बेस्ट बायच्या दुकानांत तेच गेम लोकांना खेळायला ठेवले. पुढच्या वर्षीपासून 'ट्रीहाउस लाइव्ह' सुरू झालं, खुद्द बनवणारी माणसं शेजारी बसवून तासन् तास गेम दाखवायचे. हात आखडला असता तर हे कशाला केलं असतं?

आडतदुकान
उशिरा आलो, सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही लोक क्रियापदावर भांडताय पण घोळ नामात आहे. ई-थ्री म्हणजे काय, ते आधी ठरवा. खेळगडी 'प्रदर्शन' म्हणतोय. बटनदाब्या बोलतोय ते जत्रेबद्दल. आणि होता तो मोंढा.

मी लातूरचा, तीन पिढ्या आडत. मोंढ्यात माल येतो, खरेदीदार येतात, सौदे होतात. गावातलं पोरगं सकाळी ढिगावर चढून बघत बसलं तर कुणी हाकलत नाही, पण मोंढा त्याच्यासाठी भरलेला नसतो. ट्रेड शोमधला 'ट्रेड' हाच. कुठला गेम दिवाळीला, म्हणजे त्यांच्या नाताळला, किती खोकी उचलायचा हे दुकानांच्या साखळ्यांनी ठरवायचं, म्हणून ई-थ्री. आत जायला धंद्यातला असल्याचा पुरावा लागायचा. सामान्य माणसाला रीतसर तिकीट काढून आत जाता आलं ते २०१७मध्ये, पंधरा हजार तिकिटं काढली तेव्हा.

मग जत्रा कधी झाली? आधी टीव्हीवर दाखवायला लागले, मग इंटरनेटवर. मोंढ्याचं थेट प्रक्षेपण सुरू झाल्यावर बघणाऱ्यांना वाटायला लागलं, हे आपल्यासाठीच चाललंय.

ज्याच्या मनात जत्रा होती त्याला २०१३ साली देवाची पालखी निघालीच नाही असं वाटलं. ज्याच्या मनात मोंढा होता त्याला कळलं की व्यापाऱ्यांशी बोलायचं ते व्यापाऱ्यांशी बोललेत. बंद दाराआडची वितरकांची बैठक म्हणजे आपल्या बैलबाजारातला रुमालाखालचा सौदा की हो. गिऱ्हाइकाला ते कशाला दाखवायचं?

बटनदाब्या
काका, हे पटतंय आणि रागही येतोय. पालखीचं बरोबर बोललात. रात्री साडेनऊला आम्ही पाच जण एका पोराच्या घरी जमायचो, त्याच्याकडेच चालण्यालायक इंटरनेट होतं. आम्ही काही घेणार नव्हतो, पैसे कुठे होते? पण ती आमची जत्राच होती.

पण मग निन्टेन्डोनेच आधी जत्रा करून दाखवली ना? २००६ला वी हा नवा कन्सोल खेळायला दारं उघडताच लोक धावत सुटले होते, रांग तासन् तास. मोंढ्यात कोण धावतं?

आडतदुकान
तूर महागली की धावतात.

आणि त्या २००६नंतर काय झालं तेही बघ. एवढा खर्च, एवढी गर्दी मोठ्या कंपन्यांनाच झेपेना. २००७ला ई-थ्री सँटा मोनिकाला नेला, फक्त निमंत्रितांसाठी. २००८लाही छोटाच. मग दुकानदारांपासून पत्रकारांपर्यंत सगळे कुरकुरले आणि २००९ला पुन्हा ताशे वाजायला लागले. मोंढा की जत्रा, हे आयोजकांनाच ठरवता येईना.

पाटीपेन्सिल
आडतदुकान, क्या बात. नाम ठरलं की क्रियापद आपोआप येतं. माझ्याकडून एक: 'फाटा देणे'.

'मानपान, देणंघेणं, सगळ्याला फाटा देऊन साधेपणाने विवाह.' लग्न टळलेलं नाही, नवरा-नवरी आहेत, पाहुणे आहेत, फक्त मांडवातला बडेजाव वजा केला. तुमच्या कंपनीने हेच केलेलं दिसतं. पण मग 'ई-थ्रीला फाटा दिला' असं नाही म्हणता येणार, फाटा दिला तो मंचाला. 'निन्टेन्डोने ई-थ्रीतल्या भव्य मंचीय कार्यक्रमाला फाटा दिला.' शिवाय वडगाव फाटा, चाकण फाटा यांतला फाटा म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली वाट. मला तरी दोन्ही एकाच घरातले वाटतात.

टोपीवाला
'फाटा' चांगला आहे, पण त्यात फक्त काय सोडलं ते येतं, काय मांडलं ते येत नाही. डायरेक्ट काही २०१३ला जन्मलं नव्हतं, पहिलं ऑक्टोबर २०११चं. म्हणजे आधी दुसरी व्यवस्था लावली, चालते का बघितलं, मग मंच सोडला. 'वेगळी चूल मांडली' म्हणा.

आणि ही चूल निन्टेन्डोसाठी नवी नाही. जपानमध्ये १९९६पासून टोकियो गेम शो भरतो, निन्टेन्डो तिकडे जायचीच नाही. तिचं स्वतःचं प्रदर्शन होतं, १९८९ ते २००१. शेवटी शेवटी त्याला स्पेस वर्ल्ड म्हणत, आधी नाव होतं शोशिनकाई. निन्टेन्डो ६४ हा कन्सोल पहिल्यांदा लोकांना दिसला तो तिथेच, १९९५ला.

आडतदुकान, तुमच्यासाठी खास: शोशिनकाई हे नाव मुळात प्रदर्शनाचं नाहीच. निन्टेन्डोचा माल उचलणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांच्या संघाचं ते नाव. १९९७मध्ये तो संघ विसर्जित झाला.

आडतदुकान
म्हणजे आडत्यांची संघटना! हे माहीत नव्हतं, सकाळ सार्थकी लागली.

मग 'डायरेक्ट'चा अर्थही लागला. 'शेतकरी ते ग्राहक, थेट' ही पाटी आता शहरात चौकाचौकात दिसते. २०१६ला राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला तेव्हा आमच्याकडे याच शब्दावर दिवसच्या दिवस वाद झालेत. थेट म्हणजे मधला माणूस गाळून. इवातांनी गाळला तो मधला माणूस कोण? दुकानदार नाही, त्याच्यासाठी बैठक होतीच. गाळला तो बातमीदार. आधी मंचावर जे बोलाल ते पत्रकार ऐकणार, चाळणार, शेरे मारणार, मग गिऱ्हाइकापर्यंत पोचणार. ती चाळणी गेली. आडत्या म्हणून सांगतो, चाळणी नकोशी वाटते, पण खडे तिनेच निघतात. थेटवाला आपल्या मालाला नावं ठेवत नाही.

खेळगडी
याला पुरावा २०१५. त्या वर्षीच्या कार्यक्रमात मेट्रॉइड या जुन्या मालिकेतला एक भलताच गेम दाखवला, चाहते इतके चिडले की तो रद्द करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. समोर सभागृह नव्हतं, त्यामुळे दाखवणाऱ्याला पडद्याआड ती शांतता ऐकूच आली नसणार. इवातांना नंतर ट्विटरवरून अपेक्षा पूर्ण करायचं आश्वासन द्यावं लागलं. महिनाभरात, ११ जुलैला ते गेले. त्यामुळे त्या कार्यक्रमावर टीका करताना आजही जीभ जरा अडखळते.

जाता जाता, 'थेट' हा शब्द त्यांनी नुसता नावात ठेवला नव्हता. जपानी कार्यक्रमात 'चोकुसेत्सु', म्हणजे 'थेट', म्हणताना ते दोन्ही हात छातीपासून समोर न्यायचे. त्या हावभावाच्या नकला अजून चालतात.

बटनदाब्या
हो, तो हावभाव. त्यावर माझा राग नाही. पण 'वेगळी चूल' म्हटलं की एकत्र कुटुंब मोडल्याचा दोष येतो, आणि तो मला हवाच आहे. २०१६ला ईए या गेम कंपनीने शेजारी आपला मांडव टाकला. २०१९ला सोनी आलीच नाही, त्याच वर्षी त्यांनीही डायरेक्टच्या चालीवर आपला कार्यक्रम सुरू केला. २०२३ला सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, तिघे मोठे नाही म्हणाले आणि प्रदर्शन रद्द. पहिली चूल कुणाची?

टोपीवाला
बटनदाब्या, पहिली चूल ई-थ्रीचीच! १९९५च्या आधी गेमवाले सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात, टीव्ही आणि म्युझिक सिस्टिमच्या गर्दीत बसायचे. तिथे किंमत मिळेना म्हणून बाहेर पडून आपलं घर केलं, तेच ई-थ्री. पहिल्याच वर्षी सेगा कंपनीने ३९९ डॉलरचा सॅटर्न कन्सोल आजपासूनच दुकानात म्हणून सांगितलं, आणि सोनीच्या माणसाने मंचावर येऊन आपल्या कन्सोलची किंमत म्हणून '२९९' एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. आता कुटुंब कुणी मोडलं, ते सांग.

आणि मी २०१७ला आत गेलो होतो, तिकीटवाल्या पंधरा हजारांतला एक. निन्टेन्डोने स्टॉलवर मारिओ ओडिसीमधलं अख्खं शहर उभं केलं होतं, पिवळ्या टॅक्सीसकट. रांगेत इतका वेळ गेला की दहा मिनिटं खेळून बाहेर आलो तेव्हा पाय दुखत होते. त्यांना 'दांडी मारली' म्हणणाऱ्याला मी त्या रांगेत उभं करीन.

पाटीपेन्सिल
खेळगडी, एक भाषिक शंका माझीही. तुम्ही 'ते प्रदर्शन' म्हणून 'ते ई-थ्री', आडतदुकान 'तो ई-थ्री'. डायरेक्ट तर आमच्याकडे क्रियाविशेषण, 'डायरेक्ट घरी ये'. तुम्ही त्याचं नाम करून 'डायरेक्ट आलं' म्हणता की 'आला'?

खेळगडी
ताई, आमच्या गटात 'डायरेक्ट कधी आहे?' एवढंच विचारतात, लिंग टाळून. पण 'झाला का बघून?' असं ऐकलंय, कार्यक्रम पुल्लिंगी म्हणून असेल. ई-थ्री मात्र जत्रावाले 'ती' म्हणतात आणि मोंढावाले 'तो'. आत्ता वर जाऊन तपासलं, या चर्चेत कुणी 'ती' म्हटलेलं नाही, बटनदाब्यानेसुद्धा. माझा सिद्धान्त गेला.

वाक्य असं करतोय: '२०१३ साली निन्टेन्डोने ई-थ्रीतला स्टॉल कायम ठेवून मंचाला फाटा दिला आणि प्रेक्षकांसाठी वेगळी चूल थाटली.' मित्राला पाठवलं. तो म्हणतो 'दांडी' शीर्षकात तरी राहू दे, लोक शीर्षक बघून येतात.

पाटीपेन्सिल
शीर्षकाचं तुमचं तुम्ही बघा. पण चूल मांडतात. थाटतात ते दुकान.