मदत हवी आहे: मुलीच्या मेंदूचा काढलेला भाग संशोधनासाठी देण्याबद्दल

नमस्कार. माझ्या आठ वर्षांच्या मुलीची पुढच्या महिन्यात मेंदूची शस्त्रक्रिया आहे. निदान: उजव्या फ्रंटल लोबमध्ये (कपाळामागच्या भागात) फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा एक भाग गर्भातच नीट घडलेला नसतो आणि त्यामुळे फिट्स येतात. ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

फिट्स साडेचार वर्षांची असताना सुरू झाल्या, जवळजवळ सगळ्या झोपेत. आधी डाव्या हाताची बोटं पांघरुणाची कड घट्ट धरतात, मग कोपर ताठ होतं, मान डावीकडे वळते. तीस-चाळीस सेकंदांत सुटते आणि ती डोळे न उघडताच पाणी मागते. दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली, आता तिसरं चालू आहे. पहिला एमआरआय 'नॉर्मल' आला होता. त्या एका शब्दावर विसंबून आम्ही दीड वर्ष घालवलं, याचं वाईट अजून वाटतं. नंतर 3 टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर, खास फिट्ससाठी घेतात तशा पातळ कापांचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं: वरच्या थरापाशी रुंद आणि आत व्हेंट्रिकलकडे (मेंदूच्या आतल्या, पाण्याने भरलेल्या पोकळीकडे) निमुळती होत गेलेली एक पांढुरकी पट्टी. एकदा दिसली की त्या चित्रात दुसरं काही दिसतच नाही.

त्या पट्टीमुळेच मी वाचायला लागले. मेंदूच्या वरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी गर्भात आत, व्हेंट्रिकलच्या भिंतीपाशी तयार होतात आणि तिथून बाहेरच्या थरापर्यंत प्रवास करतात. रेडियल ग्लिया नावाच्या पेशींचे लांब धागे दोरासारखे ताणलेले असतात, त्यांना धरून त्या वर चढतात. पास्को राकिच या मेंदूशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या गर्भांमध्ये हे दाखवलं. गंमत म्हणजे उशिरा जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून आणखी वर जाऊन बसतात. माझ्या लेकीची पट्टी नेमकी त्याच वाटेवर आहे.

या आजाराचं वर्णन डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये केलं. याचे काही प्रकार आहेत. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात थरांची मांडणी विस्कटलेली असते, पेशी अवाजवी मोठ्या आणि वेड्यावाकड्या असतात, काही फुग्यासारख्या फुगलेल्या. आमच्या डॉक्टरांना हाच प्रकार वाटतो, पण पक्कं काय ते काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळेल. 2015 पासूनच्या संशोधनात यातल्या बऱ्याच मुलांच्या मेंदूत, पेशींची वाढ सांभाळणाऱ्या एमटॉर या जनुकात किंवा त्याच्याशी जोडलेल्या जनुकांत बदल सापडले. हा बदल गर्भ वाढत असताना एखाद्याच पेशीत होतो आणि तिच्या वंशातल्या पेशींपुरता राहतो. म्हणून कित्येकदा तो रक्तात सापडतच नाही, आणि काढलेल्या भागातही शंभरात थोड्याच पेशींत असतो.

हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. चार वर्षं मी गरोदरपणातला एकेक दिवस आठवून पाहत होते: काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, कधी पडले. सासूबाई कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, मीच स्वतःला विचारत होते.

आता मुद्द्याचं. रुग्णालयाने एक वेगळं संमतीपत्र दिलंय: तपासणीनंतर उरलेला भाग संशोधनासाठी द्यायचा का? मला द्यायचा आहे. हे सगळं आज मला कळतंय ते कुणीतरी आपल्या मुलाचा असाच तुकडा दिला म्हणूनच. ह्यांचीही ना नाही. फक्त त्यांना एकच धास्ती आहे, की संशोधनाला हवा म्हणून जास्तीचा भाग तर काढणार नाहीत ना? हे सर्जनना तोंडावर कसं विचारायचं? तुम्ही विचारलं होतं का, आणि उत्तर लेखी मिळालं का?

दुसरं, फॉर्मालिनमध्ये (तपासणीसाठी भाग टिकवायच्या द्रवात) ठेवलेल्या भागापेक्षा लगेच गोठवलेल्या भागातून डीएनए चांगला मिळतो. म्हणजे हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवायला हवं. कुणाशी बोलायचं, सर्जनशी की पॅथॉलॉजीत? तुलनेसाठी रक्तही त्याच दिवशी घेतात का?

तिसरं धाकट्याबद्दल. तो तीन वर्षांचा आहे. काही मुलांत एमटॉरशीच जोडलेल्या डीईपीडीसी5 या जनुकातला बदल आईवडिलांकडून आलेला असतो आणि तो रक्तात दिसतो. तुमच्यापैकी कुणी भावंडाची तपासणी केली का, की आधी मोठीच्या अहवालाची वाट पाहिली? आणि संशोधनात असं काही सापडलं, तर ते घरच्यांना कळवतात का? संमतीपत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस कसे गेले, हेही लिहा. डावा हात हलवणाऱ्या मेंदूतल्या केंद्राच्या जवळून कापायचं आहे, हात काही दिवस कमजोर राहू शकतो असं सांगितलंय. ती डावखुरी नाही, पण पेटी शिकते आणि भाता डाव्या हाताने ओढते.

संमतीपत्र मंगळवारी द्यायचं आहे. रात्री ती झोपली की मी तिच्या उशाशी बसलेली असते, तेव्हा सगळ्यांचं वाचून उत्तर देईन.