'इंग्रजी तिसरी' म्हणजे कितवी?

दौतटाक: एका घराण्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करतेय. १९३० च्या सुमाराचा उल्लेख आहे : 'इंग्रजी तिसरीतून शाळा सुटली.' मी सातवी केलं. संपादक म्हणतात, मुळात तिसरी आहे, तिसरीच ठेवा.

रावबाजी: तुमचंच बरोबर. मराठी चार यत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. चार नि सात अकरा. १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली, तोवर एसएससी अकरावीलाच होती.

घाटमाथा: इतकं सरळ नाही हो. आमचे आजोबा आधी मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल झाले. मग तालुक्याला जाऊन इंग्रजी पहिलीत बसले. मिसरूड फुटलेलं, शेजारी दहा वर्षांची पोरं! त्यांची इंग्रजी तिसरी म्हणजे शाळेचं दहावं वर्ष. गावात लोकल बोर्डाची मराठी शाळा होती. इंग्रजी शाळा म्हटलं की फी, खोली, डबा. त्यामुळे गरिबाचं हुशार पोर फायनल होऊन मास्तर व्हायचं आणि खात्यापित्या घरचं मॅट्रिक. सरकारी पैसा वरच्या शिक्षणाकडे जातो नि शेतकऱ्याचं पोर उपाशी राहतं, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनला लिहून दिलं होतं.

मोगलाईकर: आमच्या मराठवाड्यात 'जमात' म्हणायचे. 'सहावी जमात शिकलो.' निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं माध्यमच उर्दू. आजोबा गणित उर्दूतून शिकले, पाढे मात्र मराठीत पुटपुटायचे.

मांडवीकाठ: गोव्यात 'सेगुंद ग्राव' (पोर्तुगीज प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा) झालेला म्हणजे शिकलेला माणूस. त्यापुढे पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज हायस्कूल.

शुद्धमती: जमात काय, ग्राव काय! 'इयत्ता' असताना?

मोगलाईकर: इयत्ता तरी आपला कुठला? अरबी वाटतो.

शुद्धमती: शुद्ध संस्कृत आहे. इयत् म्हणजे इतकं, इयत्ता म्हणजे इतकेपणा, मर्यादा. आणि रावबाजी, 'यत्ता' नव्हे.

रावबाजी: अहो, अख्खा महाराष्ट्र 'कितव्या यत्तेत रे?' असंच विचारायचा.

दौतटाक: मंडळी, मग मी सातवी लिहू की दहावी?

घाटमाथा: शाळा सुटली तेव्हाचं वय सापडतंय का बघा.

शुद्धमती: बोलतात म्हणून छापायचं का? उद्या 'परीक्षा'ची 'परिक्षा' कराल.

रावबाजी: ते शुद्धलेखन झालं, हा उच्चार. दोन्हींची गल्लत नको.

मोगलाईकर: जमात मात्र आम्ही सोडणार नाही.